पॅकिंगवर आळ

मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सगळ्यात कमी मान कुणाला असेल, तर तो सायलेन्सरच्या पॅकिंगला, म्हणजे इंजिन आणि सायलेन्सरचा पाईप ह्यांच्या सांध्यात बसणाऱ्या रिंगेला. क्लच प्लेट मागितली की दुकानदार कंपनी विचारतो, चेन सेट मागितला की मॉडेल आणि साल विचारतो. पॅकिंग मागितलं की तो खालच्या खणात हात घालतो, अंदाजानं दोन-तीन रिंगा उचलतो आणि काउंटरच्या काचेवर टाकतो. "ह्यातलं एक बसतंय बघा." किंमत इतकी किरकोळ, की बिल कोण मागत नाही आणि कोण देतही नाही.

आणि तरी बेळगाव-खानापूर भागात गाडीचा आवाज फुटला, पिकअप पडला, ॲव्हरेज घसरलं की पहिला आळ येतो तो ह्याच रिंगेवर. "पॅकिंग गेलंय." मेस्त्री म्हणतो, गिऱ्हाईक मान डोलावतं, नवी रिंग पडते, पंधरा दिवस बरे जातात आणि परत तेच. माझं म्हणणं असं, की दहातल्या बहुतेक वेळा पॅकिंग आपणहून जात नाही. त्याला कुणीतरी घालवतं.

आधी आवाजाचं बघू, कारण सगळं तिथून सुरू होतं. इंजिनच्या हेडमधून, म्हणजे वरच्या भागातून, जळका धूर जिथून बाहेर पडतो त्या तोंडाला बेंड पाईप जोडलेला असतो आणि त्या सांध्यात ही रिंग दाबून बसवलेली असते. गाडी पाच हजार आरपीएमवर पळत असेल, तर फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला अडीच हजार वेळा त्या तोंडातून धक्का मारतं. रिंग कुठं थोडी जरी सैल असली, तर प्रत्येक धक्क्याला तिथून टिक् टिक् असा कोरडा आवाज निघतो. थंड इंजिनवर तो जास्त येतो. गाडी तापली की धातू फुगतात, फट मिटते आणि आवाज दबतो. डिसेंबरातल्या बेळगावच्या गारठ्यात सकाळी गल्लीत गाड्या चालू झाल्या, की कुणाच्या गाडीचं पॅकिंग सुटलंय हे घरात बसून सांगता येतं.

हा आवाज टॅपेटसारखाच (टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) असतो, हीच पंचाईत. कित्येक गाड्यांचे टॅपेट उगीच घट्ट केले जातात. आवाज काही जात नाही, वर व्हॉल्व्ह नीट न बसल्यानं तो जळण्याचं निमित्त होतं. शहापूर-वडगावात मात्र एक वेगळीच जमात आहे: यंत्रमागावर काम केलेली माणसं. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहिलेला माणूस खरं तर बहिरा व्हायला पाहिजे (आणि बरेच होतातही, ते वेगळं), पण त्या गोंगाटात एका मागाचा ठेका चुकला तर ज्याला कळतं, त्याच्यासमोर गाडी चालू करून बघा. आमच्या ओळखीचे एक काका हेडजवळ वाकायचे, मग सीटवर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "टॅपेट न्हवं वो हे, वारं मारूलालंय पुढनं." टॅपेटचा आवाज वरून येतो आणि धातूवर धातू आपटल्याचा असतो; पॅकिंगचा आवाज पुढून येतो आणि त्यात फुंकर असते. ॲक्सिलरेटर पिळला की फुंकर वाढते.

ज्यांना तसा कान नाही त्यांनी उदबत्ती लावावी. गंमत नाही. थंड इंजिन चालू करायचं आणि पेट्रोलचा पाईप, टाकी, कार्बोरेटर ह्यांच्यापासून लांब, फक्त हेडच्या पुढच्या सांध्याभोवती उदबत्तीचा धूर फिरवायचा. सांधा धड असेल तर धूर सरळ वर जातो. फुटका असेल तर धुराची रेघ एका जागी थरथरते, तुटते. उदबत्तीही नको असेल तर साबणाचं पाणी ब्रशनं लावायचं, बुडबुडे दिसतात. आणि बारकाईनं बघितलं तर हेडच्या पंखांवर सांध्यापासून निघालेली काजळीची काळी पिसं दिसतातच. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर तेल जाळणारी, गाडी असेल तर पिसांच्या जागी तेलकट काळे ओघळ असतात.

सांधा फुटला की नुसता आवाज होत नाही. प्रत्येक धक्क्यामागून पाईपात क्षणभर दाब उतरतो आणि त्या ओढीनं बाहेरची हवा फटीतून आत शिरते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर न जळलेलं थोडं पेट्रोल पाईपात आलेलं असतं, त्याला ही ताजी हवा मिळाली की फट् फट् फटाके. चोर्ला घाट उतरताना पुढच्या गाडीतून असे फटाके ऐकू आले की पोरांना वाटतं, काय गाडी आहे! १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांत तर जास्तच घोळ. त्यांत पुढं ऑक्सिजन सेन्सर असतो. फटीतून शिरलेली हवा त्याला दिसते, पेट्रोल कमी पडतंय असं समजून तो कंट्रोल युनिटला तसं कळवतो आणि गाडी विनाकारण जास्त पेट्रोल प्यायला लागते. गिऱ्हाईक पंपाला शिव्या घालतं.

आता रिंग निवडायचं. साधारण तीन जाती दिसतात: तांब्याची, ग्रॅफाइट आणि पोलादी जाळीची, आणि पत्र्यात कसलं तरी पांढुरकं भरण भरून दुमडलेली. दुकानात वाद ह्याच्यावरच रंगतात. कोण म्हणतं तांब्याशिवाय हात लावू नका, कोण म्हणतं कंपनीचीच घ्या. मला विचाराल तर जातीपेक्षा जाडी महत्त्वाची, आणि जाडीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आपण जुनी रिंग नमुना म्हणून नेतो. बाहेरचा आणि आतला व्यास तिच्यावरून बरोबर मिळतो, पण ती चेपलेली असते. मूळ जाडी तिच्यावरून कळायची कशी? दुकानदार मग चेपलेल्या रिंगेला चेपलेल्याच जाडीची नवी रिंग जोडून देतो. ती बसवली की फ्लँज, म्हणजे पाईप हेडला आवळून धरणारी पट्टी, हेडला जाऊन टेकतो, नट घट्ट होतो, हाताला वाटतं झालं काम, आणि रिंग आत मोकळीच. उलट फार जाड घेतली तर नटाला दोनच आटे मिळतात आणि फ्लँजचे कान वाकतात. नवी रिंग खाचेत बसवून बघावी, पाईप टेकवावा आणि फ्लँज व हेड ह्यांच्यात फट उरते का ते डोळ्यानं बघावं. फट उरली पाहिजे. पूर्ण घट्ट केल्यावरसुद्धा थोडी उरली पाहिजे. कारण रिंगेचं कामच चेपून घेणं हे आहे. हेड ॲल्युमिनियमचं, पाईप लोखंडाचा. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. आतून जाणारा वायू जोरात गाडी चालवताना सहाशे-सातशे अंशांच्या घरात. ह्या दोघांच्या ओढाताणीत मधल्यानं मऊ असावं लागतं, नाहीतर सांधा टिकत नाही.

तांब्याची मजा अशी, की ते एकदा चेपलं की कडक होतं. म्हणून जुनी तांब्याची रिंग परत बसवली की वारं मारते. पण ती मऊ करता येते. गॅसच्या शेगडीवर चिमट्यात धरून मंद लाल होईपर्यंत तापवायची आणि पाण्यात टाकायची. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. तांबट लोक भांडी ठोकताना मधे मधे हेच करत आले आहेत. खरं म्हणजे पाण्यात टाकायचीही गरज नाही, हवेत गार झाली तरी तितकीच मऊ. पाण्यात टाकल्यानं वरची काळी खपली सुटते एवढंच. दिवा घालवून करावं, कारण उजेडात लाली दिसत नाही आणि माणूस जास्त तापवून बसतो. मऊ झालेली रिंग बोटांनी दाबली तर ढेपाळते, आधी ती टणत्कार करत होती. भरणाची किंवा ग्रॅफाइटची रिंग मात्र एकदाच वापरायची, तिथं काटकसर चालत नाही. जुन्या गाड्यांतल्या रिंगेत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती काढताना कोरडी खरवडू नये, पाणी मारून ओली करावी आणि बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा, नुसतं फडकं पुरत नाही. त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षांनी त्रास देते. आमच्याकडं मेस्त्री ती फुंकर मारून उडवतात, समोर चहाचा ग्लास.

सगळ्या गाड्यांना असं पॅकिंग असतंच असं नाही. जुनी ओतीव लोखंडाच्या इंजिनची बुलेट घ्या: पाईप सरळ हेडच्या तोंडात ठोकून बसवलेला, मधे काही नाही. तो ढिला झाला की लोक लाल सिलिकॉन थापतात. ते तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत तग धरतं, हेडच्या अगदी तोंडाशी त्याची राख होते. म्हैसूरला १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा-येझदी तयार व्हायच्या, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं फ्लँज आणि स्टड (हेडमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे) नाहीत, सिलिंडरच्या तोंडालाच आटे असतात आणि पंखांचा मोठा नट त्यावर फिरतो. तो फिरवायला आकड्याचा पाना लागतो. तो पाना कुणाकडं नसतो, छिन्नी-हातोडी सगळ्यांकडं असते. म्हणून आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या येझदीचा तो नट बघा, पंख तुटलेले आणि छिन्नीचे घाव बसलेले. १९८५ ते १९९६ ह्या काळातली यामाहाची आरएक्स १०० तर आज सोन्याच्या भावानं जाते, पण तिच्या सांध्यातून ओघळणारं तेल पुसत बसणारे मालक मी कितीतरी बघितलेत. टू-स्ट्रोकमध्ये पाईपातून परत येणारी दाबाची लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये राखून ठेवते. सांधा फुटला की ती लाट अर्धवट होते आणि गाडीचा जो काही तोरा, तो जातो. मालक मात्र कार्बोरेटर खोलून बसलेला असतो.

तर पॅकिंगला घालवतं कोण? माझा संशय नेहमी मागच्या बोल्टावर.

सायलेन्सर हा लांब, जड माणूस. त्याला दोन ठिकाणी धरलेलं असतं: पुढं हेडला आणि मागं फूटरेस्टजवळ चेसिसला. मागचा बोल्ट सैल झाला किंवा तिथला पत्रा तडकला, की सायलेन्सरचं सगळं वजन पुढच्या सांध्यावर लोंबकळतं. खड्ड्यागणिक तो सांधा वर-खाली उपसला जातो. अशात तांबं, ग्रॅफाइट, कंपनीचं, बिनकंपनीचं, काही टिकत नाही. आमच्या भागात हे जास्त होतं, त्याला कारणं आहेत. उचगाव, बेळगुंदी, कडोलीकडून पहाटे दूध आणि भाजी घेऊन येणाऱ्या गाड्या बघा. दोन्ही बाजूंना कॅन, मागं पोतं, त्याच्यावर जुडग्या. कॅनचा सांगाडा बऱ्याचदा त्याच मागच्या बोल्टात अडकवलेला असतो, म्हणजे लांब बोल्ट घातलेला, खाली दोन-तीन वायसर भरलेले. दुधाचं वजन सायलेन्सरच्या बोल्टावर. जांबोटीवरून कणकुंबीकडं जाणारा रस्ता पावसाळ्यानंतर कसा होतो हे त्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. कणकुंबीला पाऊस असा पडतो की तापलेल्या पाईपवर सतत पाणी, वर लाल चिखलाचा लेप. स्टड गंजतात, बोल्ट गंजतात, रबरी बुश फुगून फाटतात. चंदगडकडची माणसं बाजाराला बेळगावात येतात तेव्हा गाडीचं कामही इथंच उरकतात. गाडीचा नंबर कोल्हापूरचा एमएच-०९ असो नाहीतर बेळगावचा केए-२२, मागचा बोल्ट दोन्हीकडं सारखाच ढिला.

म्हणून पॅकिंग बदलताना पहिला पाना मागं लावावा. मागचा बोल्ट सैल आहे का ते बघायचं, पण काढायचे आधी पुढचे दोन नट, मागचा बोल्ट नंतर. पुढचे नट काढले आणि पाईप आपोआप बाजूला उडाला, तर समजायचं की तो जबरदस्तीनं बसवला होता आणि सांधा सतत तिरका ओढला जात होता. तो धड बसला असता तर नट काढल्यावरही जागच्या जागी राहिला असता. ही एवढी खूण बघायला कोणी थांबत नाही.

पाईप बाजूला केल्यावर हेडच्या तोंडात बघा. आत सगळं काळं कुळकुळीत. जुनी रिंग त्या काजळीत अशी मुरलेली असते की ती हेडचाच भाग वाटते. कितीतरी मेस्त्री "आत काय नाही" म्हणून तिच्यावरच दुसरी रिंग बसवतात. एक दाभण घ्यावं आणि खाचेच्या कडेला हलकं ओरखडावं. काळ्यात बारीक तांबूस रेघ चमकली तर तांब्याची रिंग आहे. तिच्या आतल्या काठाला दाभणाचं टोक अडकवून, एका जागी जोर न करता, घड्याळाच्या काट्यासारखं फिरत फिरत थोडी थोडी उचलायची. स्क्रू ड्रायव्हर घालून एकदम उपटली तर ॲल्युमिनियमला चर पडतो आणि मग कुठलीही रिंग त्या चरातून वारं थांबवू शकत नाही. खाच पितळी ब्रशनं साफ करायची. फ्लँज काचेच्या तुकड्यावर पालथा ठेवायचा: डुगडुगला तर तो कुणीतरी पूर्वी एका बाजूनं आवळून वाकवलेला आहे. पाईपाच्या ओठाला जिथं वेल्डिंग आहे तिथं केसासारखी तड आहे का ते बघायचं. ह्यातलं काहीही असेल तर नवीन पॅकिंग घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

नवी रिंग खाचेत ठेवली की ती खाली पडते, विशेषतः तुम्ही एकटे असाल तर हमखास. तिला ग्रीसचं बोट लावायचं, चिकटून राहते. ग्रीस नंतर जळून जातं, थोडा धूर होतो, घाबरायचं नाही. काही गाड्यांत फ्लँजमागं दोन अर्धगोल कॉलर असतात, त्या सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत. मग पुढचे नट फक्त बोटानं. मागचा बोल्टही फक्त बोटानं. पाईपला स्वतःची जागा घेऊ द्यायची, जरा हलवायचं. त्यानंतर पुढचे नट एकाआड एक, अर्धा अर्धा फेरा, आणि दोन्ही बाजूंची फट सारखी राहते की नाही ह्यावर डोळा. लहान गाड्यांवर बहुतेक दहाचा पाना लागतो. तो आखूड धरायचा, शेवटाला धरून लोंबकळायचं नाही. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. मागचा आधी आवळला की पुढचा सांधा तिरका बसलाच म्हणून समजा. आणि मागचा बोल्ट भोकात बसवायला जर सायलेन्सरला लिव्हर लावावा लागत असेल, तर चेसिस किंवा पाईप वाकडा आहे, तिथं वायसर भरावेत, ताकद लावू नये.

एक चकवा आणखी आहे. टोपीचे नट, म्हणजे ज्यांचं एक तोंड बंद असतं ते, दिसायला छान. पण स्टड लांब असला तर त्याचं टोक टोपीच्या आत जाऊन टेकतं आणि नट तिथंच थांबतो. पाना कडक लागतो, वाटतं घट्ट झालं, रिंग मात्र चेपलेलीच नाही. खाली एक जाड वायसर टाकला की सुटतं.

गंजलेला स्टड तुटणं हा ह्या कामातला खरा घात. नट फिरत नसेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं, सकाळी गाडी थोडी गरम करून परत गार होऊ द्यावी आणि मग घट्टच्या दिशेला एक केसभर आवळून, नंतर सोडवावा. तरीही तुटलाच, तर हेड घेऊन उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, जावं. बेळगावला फाउंड्र्या आणि मशीन शॉप इतकी आहेत, की आपलं हे काम त्यांना चणे-फुटाण्यासारखं. तिथं तुटलेल्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगचा ठिपका मारतात, त्या उष्णतेनं गंज सुटतो आणि तुकडा नटासकट फिरून बाहेर येतो. आटेच गेले असतील तर भोक मोठं करून पोलादी तारेची गुंडाळी बसवतात आणि मूळच्यापेक्षा मजबूत आटे मिळतात. ओळखीचा टर्नर असेल तर पैसे घ्यायलाही कां-कू करतो, "एवढ्याशाला काय घ्यायचं वो." गल्लीतल्या हौशी माणसानं हातातल्या ड्रिलनं हेच करायला घेतलं तर ड्रिल कडक पोलादावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं, आणि मग रिंगेच्या पैशाचं काम हेडच्या पैशावर जातं. नवीन स्टडच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं आणि पितळी नट घातले तर पुढच्या वेळी हे काहीच करावं लागत नाही.

वाटेत अडकलात, कणकुंबीच्या अलीकडं, आणि रिंग तुकडे होऊन पडली, तर घरच्या वायरिंगची एकेरी जाड तांब्याची तार हा उत्तम उतारा. वरचं प्लास्टिक काढायचं, खाचेच्या मापाचं कडं करायचं, दोन्ही टोकं दगडावर ठोकून चपटी आणि निमुळती करून एकमेकांवर चढवायची. घरी पोचण्यापुरतं काम होतं. मळून लावायच्या सीलच्या कांड्या मात्र सायलेन्सरच्या तोंडाला लावू नयेत. वास मारतात, जळतात, आणि नंतर खरवडून काढताना जीव जातो.

शेवटचं काम बहुतेक कोणीच करत नाही. नवी रिंग पहिल्या एक-दोन गरम-थंड फेऱ्यांत आणखी चेपते आणि नट थोडे सैल पडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण गार असताना, त्यांना परत पाना लावायचा. पाव फेरा, जास्त नाही. मी हे आमच्या मेस्त्रींना सांगून बघितलं. म्हटलं, गिऱ्हाईकाला उद्या परत यायला सांगत जा की. ते हात पुसत म्हणाले, "सांगतोय की वो. दुधाची गाडी परत कशाला येतीय? आवाज थांबला की थेट पुढच्या पावसाळ्यात." मग समोर उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या बोल्टाला त्यांनी माझ्यासमोर मुद्दाम पाना लावून दाखवला. तो बोटानं फिरत होता.